जुने रॉक अल्बम क्रमाने ऐकताना : बँड बदलतो म्हणजे नेमके काय बदलते?

रॉक संगीताचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे 'अमुक बँड पूर्वीसारखा राहिला नाही'. या तक्रारीची कारणेही ठरलेली असतात : एक तर मूळ गायक सोडून गेला, किंवा पैशाच्या मागे लागून बँडने सोपे संगीत करायला सुरुवात केली. अलीकडे मी १९६७ ते १९८६ या काळातले बरेच अल्बम, गाजलेली गाणी वेचून न घेता, प्रत्येक बँडच्या पहिल्या अल्बमपासून सालाच्या क्रमाने ऐकत आलो आहे, आणि ही दोन्ही कारणे मला अपुरी वाटू लागली आहेत. बँडमधला बदल समजून घ्यायचा असेल तर गायक आणि मुख्य गिटार यांच्यावरून लक्ष काढून ते ड्रम, बेस (खालच्या स्वरांची गिटार) आणि कीबोर्ड यांच्याकडे, म्हणजे मागच्या फळीकडे न्यावे, असे माझे मत झाले आहे. ते तपासून पाहण्यासाठी हा धागा काढत आहे.

सर्वांत ठळक उदाहरण फ्लीटवुड मॅकचे आहे. १९६७ साली लंडनमध्ये पीटर ग्रीन या गिटारवादकाने हा बँड उभा केला तेव्हा तो अस्सल ब्लूज वाजवणारा बँड होता. ग्रीनने बँडला स्वतःचे नाव दिले नाही. ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांच्या आडनावांवरून त्याने नाव बेतले, आणि तेही मॅकव्ही अजून बँडमध्ये दाखल झालेला नसताना. पुढे १९७० साली खुद्द ग्रीन बाहेर पडला, १९७१ साली जेरेमी स्पेन्सर दौरा चालू असताना निघून गेला, १९७२ साली डॅनी कर्वनला काढून टाकावे लागले, आणि नंतर आलेला बॉब वेल्चही १९७४ च्या अखेरीस सोडून गेला. म्हणजे सात-आठ वर्षांत पुढे उभे राहून गाणारे आणि गिटार वाजवणारे जवळजवळ सगळे बदलले. १९७५ च्या सुरुवातीला लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स आले आणि १९७७ साली 'रूमर्स' आला, ज्याच्या आजवर चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. ग्रीनच्या काळचे चाहते आणि 'रूमर्स'चे चाहते एकमेकांना ओळखही देत नाहीत, इतके हे दोन बँड वेगळे मानले जातात.

पण १९६८ चे 'अल्बट्रॉस' आणि १९७७ चे 'ड्रीम्स' ही दोन गाणी एकापाठोपाठ ऐकून पाहावीत. पहिल्यात शब्द नाहीत, दुसऱ्यात निक्सचा आवाज सगळीकडे व्यापून राहिला आहे. तरीही दोन्हींचा पाया एकाच पद्धतीने घातलेला आहे. 'अल्बट्रॉस' मुख्यतः दोन स्वरसंगतींमध्ये (कॉर्डमध्ये) झुलत राहते, तर 'ड्रीम्स' जवळजवळ पूर्णपणे दोनच स्वरसंगतींवर उभे आहे. दोन्हींमध्ये मॅकव्हीचा बेस अत्यंत मोजके स्वर वाजवतो आणि ते स्वर किंचित रेंगाळू देतो, आणि फ्लीटवुड कुठेही चमकदार हात न दाखवता तोच ठेका शेवटपर्यंत सांभाळतो. ब्लूज वाजवताना अंगी बाणलेला हा संयम नऊ वर्षांनी एका अगदी वेगळ्या गाण्याखाली जसाच्या तसा सापडतो. 'द चेन' हे 'रूमर्स'मधले पाचही जणांच्या नावावर असलेले एकमेव गाणे आहे. वेगवेगळ्या वेळी सुचलेले तुकडे जोडून ते तयार झाले, आणि तिसऱ्या मिनिटाच्या आसपास सगळी वाद्ये थांबून जो एकटा बेस सुरू होतो तो मॅकव्हीचा आहे. त्या वेळी तो आणि बँडची कीबोर्डवादक-गायिका क्रिस्टीन मॅकव्ही यांचा संसार मोडत होता, बकिंगहॅम आणि निक्स वेगळे होत होते, आणि हे पाचही जण रोज एकाच स्टुडिओत बसत होते. या भानगडींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, बेसबद्दल मात्र फारच थोडे.

पिंक फ्लॉइडच्या बाबतीत नेहमीची मांडणी सिड बॅरेटचा काळ, रॉजर वॉटर्सचा काळ आणि डेव्हिड गिलमोरचा काळ अशी असते. अल्बम क्रमाने ऐकले तर मला चौथ्याच माणसाचा आलेख ऐकू आला, तो म्हणजे कीबोर्डवादक रिचर्ड राइटचा. १९७१ च्या 'मेडल'मधील 'एकोज' ही सुमारे तेवीस मिनिटांची रचना त्याच्या पियानोच्या एका स्वराने सुरू होते. हा स्वर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला असल्यामुळे पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'मधील 'अस अँड देम'ची चाल त्याची आहे, आणि ती मुळात एका चित्रपटासाठी रचून नाकारली गेली होती. १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'ची पहिली काही मिनिटे त्याच्याच सुरांवर तरंगतात. त्यानंतर १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स'मध्ये रचनाकार म्हणून त्याचे नाव कुठेही नाही, १९७९ च्या 'द वॉल'च्या कामातच त्याला बँडमधून काढण्यात आले, आणि १९८३ च्या 'द फायनल कट'मध्ये तो नाहीच. या तीन अल्बमांचे संगीत उत्तरोत्तर कोरडे आणि टोकदार का होत गेले याचे उत्तर सहसा वॉटर्सच्या कडवट शब्दांत शोधले जाते. मला ते दोन ओळींच्या मधल्या जागेत सापडते. राइट जिथे आठ-आठ मात्रा एकच स्वरसंगती धरून ठेवत असे, तिथे आता शब्द आले आहेत. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'मध्ये तो सहरचनाकार म्हणून परतला आणि ती मोकळी जागाही काही प्रमाणात परतली. तो अल्बम कितीही सपक म्हटला गेला असला तरी पिंक फ्लॉइडचा वाटतो, त्याचे हेच कारण असावे.

तिसरे उदाहरण जेनेसिसचे, आणि ते माझ्या मताच्या बाजूने सर्वांत सोयीचे असल्यामुळे शेवटी ठेवले आहे. १९७५ साली गायक पीटर गेब्रियल बँड सोडून गेला आणि ड्रमर फिल कॉलिन्स गायक झाला. पुढे १९८६ च्या 'इन्व्हिजिबल टच'पर्यंतच्या सगळ्या बदलाचे खापर कॉलिन्सच्या आवाजावर फोडले जाते. पण १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' हा कॉलिन्स गायक झाल्यानंतरचा पहिला अल्बम आणि १९७३ चा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' यांच्यातले अंतर फार थोडे आहे. 'सेलिंग इंग्लंड'मध्येही एक गाणे कॉलिन्सनेच म्हटले होते. खरा वळणबिंदू १९८० चा आहे. 'ड्यूक' या अल्बममधल्या 'डचेस' गाण्यात ड्रम मशीन आले, आणि त्याच सुमारास गेब्रियलच्या स्वतंत्रपणे काढलेल्या तिसऱ्या अल्बमसाठी ड्रम वाजवताना कॉलिन्स आणि ध्वनिमुद्रण अभियंता ह्यू पॅजम यांना तो प्रसिद्ध दणदणीत, मध्येच तोडलेला ड्रमचा आवाज गवसला. गेब्रियलने त्या अल्बमात झांजांना बंदी घातली होती, त्यामुळे तो आवाज अधिकच उघडा पडला. १९८१ च्या 'अबाकॅब'वर पॅजम जेनेसिसबरोबर काम करत होता. ज्या ड्रमरचे हात आधी सतत हलते होते, बारीकसारीक नक्षी काढत होते, त्याच्यापाशी आता एकेक ठोका असा होता की त्याच्या भोवती जागा सोडल्याशिवाय तो ऐकूच येणार नाही. मग कीबोर्डच्या लांबलचक ओळी आखूड होणे ओघानेच आले.

इतर बँडांच्या बाबतीत हे कितपत लागू पडते, आणि कुठे मुळीच पडत नाही, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

विवेचन आवडले, पण रश या कॅनडातील बँडने ते अडचणीत येते असे मला वाटते. १९७४ साली नील पिअर्ट ड्रमर म्हणून आला तेव्हापासून त्याच्या २०१५ च्या शेवटच्या दौऱ्यापर्यंत या बँडमध्ये तेच तीन जण होते. कोणी आले नाही, कोणी गेले नाही. असे असूनही १९७६ चा '२११२' आणि १९८५ चा 'पॉवर विंडोज' एकाच बँडचे आहेत हे अनोळखी माणसाला सांगूनही पटणार नाही. '२११२'ची संपूर्ण पहिली बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच कथा आहे, आणि ती गिटारच्या जोरावर पुढे सरकते. आधीचा 'करेस ऑफ स्टील' आपटल्यामुळे कंपनीला सुटसुटीत गाणी हवी होती, आणि या तिघांनी नेमके उलटे केले. म्हणजे पैशासाठी बदलले हा आक्षेपही इथे लागत नाही.

इथे बदलले ते कामाचे वाटप. गेडी ली हा गातो, बेस वाजवतो आणि कीबोर्डही वाजवतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिंथेसायझर वाढू लागले तेव्हा कार्यक्रमात त्याचे दोन्ही हात कीबोर्डवर गेले की बेसचे स्वर तो पायाखालच्या पेडलवर वाजवू लागला. पायाने वाजवलेला बेस हाताने वाजवलेल्या बेससारखा धावू शकत नाही. तो एकेक दीर्घ स्वर धरून ठेवतो. १९८२ च्या 'सिग्नल्स'मध्ये हे अगदी स्पष्ट जाणवते, आणि त्याचा परिणाम म्हणून अ‍ॅलेक्स लाइफसनची गिटार, जी पूर्वी रुंद स्वरसंगतींनी सगळी जागा भरत असे, ती वरच्या पट्टीत लहान लहान तुकडे वाजवू लागते, कारण मधली जागा कीबोर्डने घेतलेली आहे. १९९३ च्या 'काउंटरपार्ट्स'मध्ये कीबोर्ड मागे सरले आणि गिटार पुन्हा फैलावली. तेव्हा आपले म्हणणे मी असे दुरुस्त करेन की, माणसे कोण होती यापेक्षा कोणाच्या हातात त्या वर्षी कोणते वाद्य होते हे आधी पाहावे.

प्रतिसाद २

मागच्या फळीचे कौतुक ठीक आहे, पण ब्लॅक सॅबथचे काय करायचे? त्या बँडमध्ये गायक बदलले, ड्रमर बदलले, बेसवादकही बदलला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकला तो गिटारवादक टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'पासून गिटार खालच्या स्वरात लावायला सुरुवात केली. त्या बँडचा जडपणा तिथून येतो. १९८० च्या 'हेवन अँड हेल'मध्ये गायक ओझी ऑस्बर्नच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, शब्दांचा विषय बदलला, गती वाढली, पण तो जडपणा हलला नाही.

एसी/डीसीचेही तेच. १९ फेब्रुवारी १९८० रोजी गायक बॉन स्कॉट वारला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नव्या गायकासह 'बॅक इन ब्लॅक' बाजारात होता. गायक बदलल्याचा धक्का बसला नाही, कारण माल्कम यंगची ऱ्हिदम गिटार जागची हलली नव्हती.

धागाकर्ता

सॅबथ आणि एसी/डीसी ही उदाहरणे माझ्या विरोधात आहेत असे वरवर दिसते खरे, पण माल्कम यंग काय करत होता ते पाहिले तर तो ठेकाच धरत होता. एकल वादन धाकट्या भावाकडे सोपवून तो सतत ड्रमच्या बाजूने उभा असे, हे केवळ रंगमंचावरच्या जागेबद्दलचे विधान नाही. आयोमीच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत आहे, तिथे बँडचा पाया गिटारमध्येच आहे. त्यामुळे 'मागची फळी' याऐवजी 'जो गाण्याची चौकट धरून ठेवतो तो' असे म्हणणे अधिक बरोबर होईल. डीप पर्पलमध्ये ती चौकट इयन पेसच्या ड्रमची आहे, कारण गायक आणि गिटारवादक कितीदाही बदलले तरी प्रत्येक अल्बमवर तो आहे. १९७० चा 'इन रॉक' आणि गायक व बेसवादक दोघेही बदलल्यानंतरचा १९७४ चा 'बर्न' यांत त्याचा हात लगेच ओळखू येतो. 'बर्न'च्या शीर्षकगीतात तर गाणे चालू असताना तो जवळजवळ सलग एकल वादन करतो आहे.

रशबद्दलचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पायाने वाजवलेला बेस ही गोष्ट मी या दृष्टीने ऐकली नव्हती.

प्रतिसाद ३

एका व्यावहारिक बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. अल्बम पुन्हा ऐकताना आपण नेमकी कोणती प्रत ऐकत आहोत हे ठरवल्याशिवाय 'बँड बदलला' की 'प्रत बदलली' हे सांगता येत नाही, आणि स्ट्रीमिंगच्या काळात ही अडचण वाढली आहे.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत लोक गल्लत करतात. रीमास्टरमध्ये तयार झालेल्या अंतिम ध्वनीवर काम होते, म्हणजे उंच आणि खालचे स्वर किती, एकूण पातळी किती, इतकेच. रीमिक्समध्ये मूळ बहुपदरी फितीवर परत जाऊन प्रत्येक वाद्याचे प्रमाण नव्याने ठरवतात. संगीतकार स्टीव्हन विल्सनने २००९ पासून किंग क्रिमसनचे आणि पुढे जेथ्रो टल व येस यांचे जुने अल्बम असे नव्याने मिक्स केले, आणि त्यांत कित्येक ठिकाणी पूर्वी दबलेली वाद्ये वेगळी ऐकू येतात. पिंक फ्लॉइडच्या 'अ‍ॅनिमल्स'चे नवे मिक्स २०२२ साली निघाले. धागाकर्त्यांनी राइटबद्दल जे लिहिले आहे ते पडताळायचे असेल तर जुने आणि नवे अशी दोन्ही मिक्स ऐकावीत, असे सुचवतो. त्या अल्बममध्ये रचनाकार म्हणून त्याचे नाव नसले तरी 'शीप'च्या सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो त्याचाच आहे.

बीटल्सच्या बाबतीत तर मोनो आणि स्टिरिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'पर्यंत बँडचे लक्ष मोनो मिक्सवर असे आणि स्टिरिओ नंतर, त्यांच्या गैरहजेरीत उरकले जाई. 'शीज लीव्हिंग होम' हे गाणे मोनोमध्ये अधिक जलद आणि वरच्या स्वरात आहे. ज्यांनी आयुष्यभर स्टिरिओच ऐकले त्यांना ते गाणे संथ आणि खिन्न म्हणून आठवते. मोनोमध्ये ते तितके खिन्न नाही.

दुसरे म्हणजे बाजू. तबकडीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असे. त्याहून लांबवली तर चऱ्या जवळजवळ कोराव्या लागत आणि आवाजाची पातळी व खर्ज कमी करावे लागत. शिवाय तबकडी ठरावीक वेगाने फिरत असली तरी केंद्राकडे जाताना सुईखालून सरकणारी चरीची लांबी कमी होत जाते, त्यामुळे बाजूच्या शेवटी उंच स्वर धूसर होतात. म्हणून पुष्कळ अल्बमांत बाजूचा शेवट शांत गाण्याने होतो. 'विश यू वेअर हिअर'मध्ये एकच दीर्घ रचना दोन भागांत तोडून अल्बमच्या दोन टोकांना ठेवली आहे, आणि मधली गाणी त्या कंसात बसवली आहेत. 'अ‍ॅबी रोड'ची पहिली बाजू तर एका ठेक्याच्या मध्येच, कात्रीने कापल्यासारखी संपते. तिथे उठून तबकडी उलटण्याची सक्ती हा त्या अल्बमचा भाग होता. आज पुढचे गाणे लगेच सुरू होते आणि तो धक्का पचवायला वेळच मिळत नाही.

त्यातच जादा गाणी जोडलेल्या आवृत्त्यांनी मोठे नुकसान केले आहे. अल्बम जिथे संपायला हवा तिथे अर्धवट मुद्रणे आणि एकाच गाण्याचे कच्चे खर्डे सुरू होतात. माझी पद्धत अशी की मूळ अनुक्रम शोधून तेवढ्याच गाण्यांची यादी करावी, बाजू संपली की थांबावे, आणि आपोआप पुढे वाजवण्याची सोय बंद करावी. दोन गाण्यांच्या मध्ये रिकामी जागा पडत असेल तर तीही बंद करावी, नाहीतर 'डार्क साइड'सारख्या सलग अल्बमची चिरफाड होते.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ मधल्या मुद्द्याला जोडून : रशचा २००२ चा 'व्हेपर ट्रेल्स' मूळ स्वरूपात इतका कर्कश होता की नंतर बँडने तो संपूर्ण नव्याने मिक्स करून २०१३ साली पुन्हा काढला. ज्यांनी तो एकदा ऐकून सोडून दिला असेल त्यांनी दुसरी आवृत्ती अवश्य ऐकावी. त्या अल्बमात कीबोर्ड नाहीत, हे प्रतिसाद १ च्या दृष्टीनेही लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रतिसाद ५

या चर्चेत नावाचा, म्हणजे मालकीचा प्रश्न आलेला नाही, आणि तो टाळून चालणार नाही. बँड हा संगीताचा समूह असतो तसाच तो एक व्यवसायही असतो, आणि 'हा बँड अजून तोच आहे का' याचे उत्तर कित्येकदा वकिलांनी दिलेले असते.

फ्लीटवुड मॅकचेच घ्या. १९७४ च्या सुरुवातीला त्यांच्या व्यवस्थापकाने नाव आपल्या मालकीचे असल्याचा दावा करून दुसऱ्याच वादकांचा 'फ्लीटवुड मॅक' अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवला होता. ना त्यात फ्लीटवुड होता ना मॅकव्ही. प्रेक्षकांनी तो नाकारला आणि प्रकरण न्यायालयात गेले. धागाकर्त्यांच्या सिद्धांताचा याहून ठोस पुरावा मिळणार नाही, कारण तिथे मागची फळी अक्षरशः गायब होती.

येसची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९८१ साली बँड विखुरला. बेसवादक ख्रिस स्क्वायर आणि ड्रमर अ‍ॅलन व्हाइट यांनी गिटारवादक ट्रेव्हर रॅबिनबरोबर 'सिनेमा' नावाचा वेगळा बँड सुरू केला. काम बरेच पुढे गेल्यावर जुना गायक जॉन अँडरसन आला, आणि मग त्या बँडने येस हे नाव पुन्हा घेतले. १९८३ चा '९०१२५' हा तो अल्बम. एका गायकाच्या आवाजाने नाव बदलले, वादन मात्र आधीच झालेले होते. पुढे १९८९ साली अँडरसन जुन्या तिघा सहकाऱ्यांबरोबर वेगळा झाला तेव्हा येस हे नाव स्क्वायरच्या बाजूला असल्यामुळे त्यांना चौघांच्या आडनावांची माळ लावून अल्बम काढावा लागला. कानाने ऐकले तर तो अल्बम '९०१२५'पेक्षा सत्तरच्या दशकातल्या येसला जवळचा आहे, पण कायद्याने तो येसचा नाही. २०१५ साली स्क्वायर वारला, तोपर्यंत येसच्या नावाने निघालेल्या प्रत्येक अल्बमवर त्याचा बेस आहे.

किंग क्रिमसनचा रॉबर्ट फ्रिप मात्र या सगळ्यात वेगळा उभा आहे. १९७४ साली 'रेड' बाजारात येण्याच्या आधीच त्याने बँड बंद केला. १९८१ साली बिल ब्रूफर्ड, एड्रियन बेल्यू आणि टोनी लेव्हिन यांना घेऊन त्याने नवा बँड काढला त्याचे नाव 'डिसिप्लिन' होते. थोड्याच दिवसांत त्याने त्यालाच किंग क्रिमसन म्हणायला सुरुवात केली आणि 'डिसिप्लिन' हे अल्बमचे नाव उरले. १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये मेलोट्रॉनचे (फितींवर आधीच मुद्रित केलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे) भरभक्कम पडदे आहेत, १९८१ मध्ये दोन गिटारी निरनिराळ्या मात्रांची चक्रे वाजवत एकमेकींपासून दूर जातात आणि पुन्हा समेवर येतात. समान म्हणावे असे काही नाही. तरीही इथे 'बँड बदलला' अशी तक्रार फार कमी लोक करतात, कारण फ्रिपने बदल हीच अट श्रोत्यांना पहिल्यापासून घालून दिली होती. ज्या बँडांनी ती घातली नाही त्यांच्यावर मात्र श्रोते चिडतात, आणि मला तो राग काहीसा अन्यायाचा वाटतो.

प्रतिसाद ६

पैशाचा मुद्दा इतक्या सहज निकालात काढू नये. ऑगस्ट १९८१ मध्ये एमटीव्ही ही गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी सुरू झाल्यावर तीन-चार मिनिटांच्या गाण्याला जे महत्त्व आले ते नाकारता येत नाही. झेडझेड टॉपने १९८३ च्या 'एलिमिनेटर'मध्ये सिंथेसायझर आणि यंत्रवत ठेका घेतला, तिघे वादक तेच ठेवले, आणि त्यांचा खप कित्येक पटींनी वाढला. क्वीनने सुरुवातीच्या अल्बमांच्या वेष्टनावर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असे अभिमानाने छापले होते, आणि १९८० च्या 'द गेम'मध्ये तोच वापरला. ही तत्त्वे बाजारासमोर टिकली नाहीत असे म्हणण्यात काय चूक आहे?

धागाकर्ता

चूक काही नाही, पण त्यातून अल्बमबद्दल फारसे कळत नाही. बाजाराचा दाब त्या काळी सगळ्यांवरच होता. त्या दाबाखाली प्रत्येक बँड वेगळ्या ठिकाणी वाकला, आणि ते ठिकाण कोणते हे ऐकण्यातून कळते. 'इन्व्हिजिबल टच' हा बाजारू म्हणून हिणवला गेलेला अल्बम आहे, पण त्यात जवळजवळ नऊ मिनिटांचे एक गाणे आहे आणि दहा मिनिटांहून मोठी, दोन भागांची एक रचनाही आहे. शीर्षकगीत ऐकून अल्बम बाजूला ठेवणाऱ्यांना त्यांचा पत्ताही नसतो. उलट लेड झेपेलिनचा १९७९ चा 'इन थ्रू द आउट डोअर' पाहा. तिथे बाजाराची सक्ती मुळीच नव्हती. स्टॉकहोममध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना बेस व कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स आणि गायक रॉबर्ट प्लांट दिवसा काम करत आणि गिटारवादक जिमी पेज व ड्रमर जॉन बॉनम रात्री उशिरा येत. दोन गाण्यांच्या रचनाकारांत पेजचे नावच नाही, आणि जोन्सच्या कीबोर्डने अल्बम व्यापला आहे. गिटारवादकाने उभारलेला बँड एका अल्बमपुरता कीबोर्डवादकाचा झाला, आणि त्याचे कारण कोण किती वाजता स्टुडिओत येत होते इतके साधे होते. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम वारला आणि त्यांनी बँड बंद केला. त्याच्या जागी दुसरा ड्रमर घेण्याचा विचार त्यांना का पटला नसेल, हे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे पहिले दोन ठोके ऐकले तरी समजते. हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखाली ड्रम मांडून वरच्या मजल्यावर माइक लावले होते, आणि त्या जिन्याचा सगळा पोकळपणा त्या ठोक्यांत उतरला आहे.

प्रतिसाद ७

बॉनमचा विषय निघालाच आहे तर द हूबद्दल लिहितो, कारण त्यांनी उलट निर्णय घेतला. त्यांचा ड्रमर कीथ मून सप्टेंबर १९७८ मध्ये वारला, 'हू आर यू' हा अल्बम निघाल्यानंतर तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच. त्या अल्बममध्येच त्याचा हात ढासळलेला ऐकू येतो. 'म्युझिक मस्ट चेंज' या गाण्याचा सहा मात्रांचा ठेका त्याला जमेना, म्हणून त्यात ड्रम जवळजवळ नाहीतच, पावलांचा आवाज वापरला आहे. १९७१ च्या 'हूज नेक्स्ट'मधला मून ज्याने ऐकला असेल त्याला ते गाणे ऐकवत नाही.

त्यानंतर त्यांनी केनी जोन्सला घेतले आणि १९८१ साली 'फेस डान्सेस' काढला. जोन्स उत्तम ड्रमर आहे, तो ठेका नीट सांभाळतो, आणि नेमकी तीच अडचण झाली. मून ठेका सांभाळतच नसे. तो गायकाच्या ओळीवर स्वतःची ओळ चढवत असे, आणि वेळेचे भान जॉन एंटविसलचा बेस व पीट टाउनशेंडची गिटार ठेवत. जोन्स आल्यावर ते काम करायला तिघे जण झाले आणि ओळीवर चढणारे कोणीच उरले नाही. त्यामुळे धागाकर्त्यांच्या यादीत मी एवढी भर घालेन की मागच्या फळीतला माणूस नेहमीच चौकट धरणारा असतो असे नाही, हूमध्ये तो चौकट मोडणारा होता. ज्यांना हे पडताळायचे असेल त्यांनी 'हूज नेक्स्ट'मधील 'बार्गेन' आणि 'फेस डान्सेस'मधील 'यू बेटर यू बेट' ही दोन गाणी, शब्दांकडे दुर्लक्ष करून, फक्त ड्रमसाठी ऐकावीत. दुसरे गाणे वाईट मुळीच नाही, ते चांगलेच गाजले होते.